हिंदुस्थानातील इंग्रजी पुस्तके आणि चिनी विद्यार्थी

हुबळीहून यल्लापूर-कारवारकडे जाणाऱ्या मार्गावर, जेथे काळ्या मातीचे सपाट रान संपून मलनाडाची झाडी दिसू लागते, तेथे कलघटगी हे गाव वसलेले आहे. येथील रंगीत लाकडी पाळणे सर्व उत्तर कर्नाटकात नावाजलेले आहेत. या मुलखात हुबळी-धारवाडपासून घाटाच्या तोंडापर्यंत स्थायिक झालेल्या आमच्या कुटुंबांतील मूल पाळण्यात कोंकणी ऐकते, देवळात मराठी आरती म्हणते, बाजारात कन्नड बोलते आणि शाळेत इंग्रजी वाचते. चार भाषांचे हे ओझे आपल्याच वाट्यास आले आहे, अशी आमच्यापैकी पुष्कळांची समजूत असते. त्यातून इंग्रजी व्याकरण म्हणजे तर खास आपल्याच कपाळी लिहिलेला भोग! परंतु ज्या वाचनमालेवर आणि ज्या व्याकरणावर हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या झिजल्या, त्याच पुस्तकांवर चीन देशातील विद्यार्थ्यांच्याही पिढ्या वाढल्या, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाही. ही पुस्तके येथूनच तेथे गेली. तेथे गेल्यावर चिनी पंडितांनी त्यांचे काय केले आणि आपण काय केले, हे पडताळून पाहणे बोधप्रद होईल, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

चिनी मनुष्याने व्याकरण शिकण्यासाठी हिंदुस्थानाकडे पाहावे, ही गोष्ट मुळीच नवी नव्हे. इ. स. ६४१ च्या सुमारास युवान च्वांग दक्षिणेत आला, तेव्हा आमच्या या प्रदेशावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती. त्याने पुलकेशीच्या महाराष्ट्राचे आणि ‘कोंकणपूर’ नामक देशाचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्याच्यानंतर इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गाने निघालेला इत्सिंग हा तर आमच्या विषयाला अधिकच जवळचा. वाटेत सुमात्रा बेटावरील श्रीविजय येथे तो सहा महिने थांबला, तो केवळ शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण, शिकण्यासाठी. पुढे नालंदेस सुमारे दहा वर्षे राहून त्याने हिंदी मुलांचा अभ्यासक्रम बारकाईने टिपला. सहाव्या वर्षी वर्णमाला आणि जोडाक्षरे, आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, दहाव्या वर्षी धातू आणि शब्दरूपांचे प्रकरण, पंधराव्या वर्षी सूत्रांवरील वृत्ती, आणि ज्यास पांडित्य संपादावयाचे त्यास पुढे पतंजलीचे महाभाष्य, असा तो क्रम त्याने दिला आहे. हिंदुस्थानास येऊ इच्छिणाऱ्या आपल्या देशबांधवांनी प्रथम श्रीविजयास वर्ष-दोन वर्षे राहून भाषेची तयारी करावी, असा उपदेशही त्याने केला आहे. परभाषेच्या देशी जाण्यापूर्वी वाटेत थांबून व्याकरण शिकावे, हा त्याचा सल्ला आजच्या कोणाही परदेशगामी विद्यार्थ्यास लागू पडण्यासारखा आहे.

इत्सिंगने दिलेल्या क्रमात एक मर्म आहे, ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. आधी सूत्रे पाठ, मग त्यांवरील वृत्ती, मग भाष्य. आधी संथा, मग टीका. आमच्या देवळांत आजही हाच क्रम चालतो. लहानपणी स्तोत्र अर्थावाचून मुखोद्गत होते आणि पुढे कोणी पुराणिक किंवा एखादी भाषाटीका त्याचा अर्थ उलगडते. केवळ संथेने वाणी शुद्ध होते, परंतु अर्थबोध टीकेवाचून होत नाही. आणि टीका समजावयाची, तर ती आपल्या भाषेतच असावी लागते. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणिला तो याच कारणाने. ही संथा आणि टीका यांची जोडी हीच या लेखाची गुरुकिल्ली होय.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी आणि त्याचे सहकारी यांनी छापखाना घातला. त्या केरीने १८०५ साली इंग्रजीतून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. या कामी वैजनाथ शर्मा नावाच्या मराठी पंडिताचे त्यास साहाय्य होते. त्याच श्रीरामपुरात केरीचा सहकारी जोशुआ मार्शमन याने १८१४ साली चिनी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि लगेच १८१५ साली रॉबर्ट मॉरिसन याचे चिनी व्याकरणही तेथेच छापून निघाले. मराठीचे आणि चिनीचे अशी ही दोन्ही व्याकरणे एकाच गावात निर्माण व्हावीत, हा योग मोठा मौजेचा! परंतु ही सारी व्याकरणे इंग्रजांनी इंग्रजांसाठी रचलेली होती. आमची किंवा चिन्यांची मुले त्यांवरून इंग्रजी शिकू शकत नव्हती. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविण्यासाठी मॉरिसनने निराळे पुस्तक लिहिले. मलाक्का येथे १८१८ मध्ये स्थापन झालेल्या अँग्लो-चायनीज कॉलेजासाठी रचलेले हे इंग्रजी व्याकरण १८२३ साली प्रसिद्ध झाले. चिनी विद्यार्थ्यांसाठी चिनी स्पष्टीकरणासह लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत ते अगदी आरंभीचे होय.

तथापि मलाक्का दूर आणि विद्यार्थी थोडे. चिनी बंदरांतील व्यापारी इंग्रजी शिकत, ते उच्चारांच्या वह्यांवरून. इंग्रजी शब्दाचा उच्चार जवळच्या चिनी अक्षरांनी लिहून तो पाठ करावयाचा, अशी ती रीत. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षर म्हणजे एक अवयव आणि बहुधा एक अर्थ असल्यामुळे या खटाटोपात इंग्रजी उच्चाराची ओळख पटणे कठीण होई. व्याकरणाचे तर नावच नसे. शब्द इंग्रजी आणि घाट चिनी, अशी एक बाजारी बोली त्यातून जन्मली. सरकारी दुभाषे तयार करण्यासाठी पेकिंग येथे १८६२ साली भाषाशाळा निघाली, तरी सामान्य विद्यार्थ्यास हाती धरण्याजोगे पुस्तक मिळण्यास आणखी पस्तीस-छत्तीस वर्षे जावी लागली.

ते पुस्तक हिंदुस्थानातून गेले. शांघाय येथे मिशनच्या छापखान्यांत काम केलेल्या काही कारागिरांनी १८९७ साली ‘कमर्शिअल प्रेस’ या नावाने छोटासा छापखाना काढला. पुढे हीच संस्था चीनमधील अग्रगण्य प्रकाशनसंस्था झाली. तिला प्रथम यश मिळवून दिले ते १८९८ साली निघालेल्या इंग्रजीच्या बालपुस्तकाने. हे पुस्तक म्हणजे नवी रचना नव्हती. हिंदुस्थानातील शाळांसाठी तयार केलेली ‘इंडियन रीडर्स’ ही इंग्रजी वाचनमाला तेव्हा चीनमधील काही शाळांतून चालू होती. परंतु ती सर्वस्वी इंग्रजीत असल्यामुळे विद्यार्थी अडखळत. श्ये हुंग-लाय या चिनी विद्वानाने तिला चिनी भाषांतराची आणि टिपांची जोड दिली. इंग्रजी पाठाच्या शेजारी चिनी अर्थ येताच पुस्तकावर उड्या पडल्या. पहिली आवृत्ती थोड्याच दिवसांत खपून गेली आणि पाठोपाठ त्याच धर्तीची वरच्या इयत्तांची पुस्तके निघाली. विख्यात लेखक लू शुन याचे बंधू चौ त्सो-रन हे १९०१ साली नानकिंगच्या नौदल विद्यालयात शिकावयास गेले. आपल्या आठवणींत तेथील इंग्रजी पुस्तकांचा उल्लेख करताना त्यांनी या ‘हिंदुस्थानी वाचनमाले’चे नावच दिले आहे.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. मूळ मजकुराचे एक अक्षरही श्ये हुंग-लाय याने लिहिले नाही. त्याने केली ती केवळ टीका. पण जे पुस्तक परक्या सत्तेने परक्या देशातील मुलांसाठी रचले होते, ते त्या टीकेमुळे चिनी मुलांचे झाले.

वाचनमालेच्या मागोमाग व्याकरणही गेले. नेसफिल्ड हे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. जॉन कॉलिन्सन नेसफिल्ड हा उत्तर हिंदुस्थानातील शिक्षणखात्याचा अधिकारी. त्याने हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली इंग्रजी व्याकरणाची माला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली आणि आमच्या देशात तिचे बहुत वर्षे साम्राज्य होते. तिचा वारसा पुढे रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाकडे आला, आणि त्यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यात होते. नेसफिल्डच्या मालेचे चिनी भाषांतर होऊन विसाव्या शतकाच्या आरंभी ती चीनमध्येही घरोघर झाली. परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ली जिन-शी या पंडिताने १९२४ साली बोलभाषेतील चिनीचे जे पहिले मोठे व्याकरण प्रसिद्ध केले, त्याची मांडणी करताना त्याने नेसफिल्डचा नमुना पुढे ठेविला होता. हिंदुस्थानातील शाळकरी मुलांना परभाषा शिकविण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाने एका प्राचीन राष्ट्राला स्वभाषेचा आरसा दाखविला!

तत्पूर्वी १८९८ सालीच मा जियान-चुंग याने लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर अभिजात चिनीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. नमुना परका घेतला, तरी डोळे त्याने उघडे ठेविले. चिनीत वाक्याच्या शेवटी जी लहान लहान अव्यये येतात, त्यांना लॅटिनमध्ये जागा नव्हती. त्याने त्यांची स्वतंत्र जात मानिली. परक्या साच्यात आपली भाषा कोंबण्याऐवजी साचाच थोडा वाढविला. परभाषेचे व्याकरण शिकण्याचे परम फळ ते हेच.

आता चिनी विद्यार्थ्यास इंग्रजी व्याकरणात नेमके कोठे अडते, ते पाहू. कारण त्यावरून आमच्या मुलांच्या अडचणींवरही प्रकाश पडतो. चिनी क्रियापदास पुरुष, वचन किंवा काळ यांचे विकार होत नाहीत. ‘ता मिंगथ्यन लाय’ याचा शब्दशः अर्थ ‘तो उद्या ये’. काळ कळतो तो ‘उद्या’ या शब्दावरून. ‘ता लाय ले’ म्हटले की क्रिया घडल्याचा बोध ‘ले’ या अव्ययावरून होतो. अशा विद्यार्थ्यास इंग्रजी क्रियापदाच्या शेवटी लागणारा ‘एस’ आणि भूतकाळाचा ‘ईडी’ ही निव्वळ उपाधी वाटली तर नवल नाही. शिवाय ‘ता’ म्हणजे तोही आणि तीही. म्हणून चांगला शिकलेला चिनी मनुष्यही बोलण्याच्या ओघात स्त्रीस ‘ही’ आणि पुरुषास ‘शी’ म्हणून जातो. लेखनात हा भेद दाखविण्यासाठी १९२० च्या सुमारास लिऊ बान-नुंग या लेखकाने ‘ती’ या अर्थाच्या स्वतंत्र अक्षराचा पुरस्कार केला. युरोपीय भाषांच्या वाचनाचाच तो परिणाम.

आमची अडचण निराळी. मराठी मुलास ‘तो’ आणि ‘ती’ यांत घोटाळा होत नाही, परंतु खुर्ची ‘ती’ आणि पलंग ‘तो’ असल्यामुळे दोघांनाही इंग्रजीत ‘इट’ म्हणणे त्यास प्रथम विचित्र वाटते. आणि येथे कलघटगीच्या मुलाचे भाग्य पाहा! त्याच्या बाजारातल्या कन्नडमध्ये पुरुष ‘अवनु’, स्त्री ‘अवळु’ आणि वस्तू व पशू ‘अदु’, अशी व्यवस्था आहे. ती इंग्रजीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. इतकेच नव्हे, तर तान्ह्या मुलास कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषा नपुंसकलिंगी सर्वनाम लावू शकतात. कोंकणीचाही असाच एक उपकार आहे. मराठीत पुरुष ‘मी येतो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी येते’ म्हणते. कोंकणीत दोघेही ‘हांव येतां’ म्हणतात. इंग्रजी क्रियापदास लिंग नाही, हे कोंकणी मुलास वेगळे शिकवावे लागत नाही. ते त्याच्या जिभेवरच असते. मात्र हे त्यास कोणी दाखवून दिले पाहिजे.

काही ठिकाणी मराठी आणि चिनी विद्यार्थी एकाच खड्ड्यात पडतात. आम्ही ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ म्हटल्यावाचून राहवत नाही. चिनी भाषेतही ‘स्वेइरान’ आले की पाठोपाठ ‘तान्शि’ येते. परिणामी दोन्ही देशांचे विद्यार्थी इंग्रजीत ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ घालतात आणि दोन्ही देशांचे मास्तर त्यावर तांबडी रेघ ओढतात. ‘ए’, ‘अॅन’ आणि ‘द’ या उपपदांना चिनीत किंवा मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आमच्या कहाण्यांतील ‘एक राजा होता’ यामधला ‘एक’ हा मात्र ‘ए’चा जवळचा नातलग होय, आणि तेवढ्या धाग्यावरून पुष्कळ शिकविता येते. उलट काही ठिकाणी इंग्रजीच तोकडी पडते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. ऐकणाऱ्यास वगळून ‘आम्ही’, त्यास धरून ‘आपण’. पेकिंगच्या बोलीतही ‘वोमेन’ आणि ‘झानमेन’ असा हाच भेद केला जातो. इंग्रजीस मात्र दोन्ही ठिकाणी एका ‘वुई’वर भागवावे लागते. आपल्या भाषेची अशी श्रीमंती परभाषेशेजारी ठेविल्यावाचून दिसून येत नाही.

आता आमच्या मुलखाकडे येऊ. पेशवाईच्या अस्तानंतर धारवाड प्रांत मुंबई इलाख्यात मोडू लागला. तेव्हा येथील दफ्तरांत आणि शाळांत मराठीचे वर्चस्व होते, आणि प्रजेची भाषा तर कन्नड. १८६० च्या दशकात रसेल साहेब आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांचा पाया घातला. १८९० साली धारवाड येथे रा. ह. देशपांडे प्रभृतींनी कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना केली. ज्यांची भाषा, त्यांस त्याच भाषेतून ज्ञान मिळावे, ही न्यायाचीच गोष्ट झाली. मराठीपुरते पाहिले, तर परक्या व्याकरणाचा आरसा आम्ही चिन्यांच्याही आधी हाती घेतला होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीतील शब्दांच्या आठ जातींचा नमुना त्यांच्या पिढीने मराठीस लाविला आणि नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद ही नावे प्रत्येक मुलाच्या तोंडी बसली. इंग्रजीच्या बाजूने पाहता, हॉवर्ड साहेबांच्या क्रमिक पुस्तकांबरोबरच द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची तीन भागांची भाषांतर पाठमाला मराठी मुलांच्या हाती पडली. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, असा दोन्ही तीरांना हात लावून पोहावयास शिकविणारी ही माला. श्ये हुंग-लायने शांघायात जे केले, तेच काम तर्खडकरांनी आमच्याकडे केले.

या परंपरेची उलट बाजूही एका महाराष्ट्रीयाने जगास दाखविली आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. तेथील विद्यार्थ्यांनी इंग्रजी शिकावी आणि मग शल्यविद्या शिकावी, इतका अवधी युद्धात कोठून असणार? तेव्हा गुरूच शिष्यांची भाषा शिकला. कोटणीसांनी चिनी आत्मसात केली, त्या भाषेतून विद्यार्थ्यांना शिकविले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी देह ठेविला तेव्हा ते त्या विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे पुस्तक लिहीत होते. पूल कोणत्याही तीरावरून बांधता येतो. बांधणारा मात्र पाहिजे.

चीनमध्ये ही टीकेची परंपरा पुढेही टिकली. १९५० नंतरच्या काही वर्षांत तेथील शाळांत रशियन भाषेचा जोर झाला, पण १९६० च्या दशकात शू कुओ-चांग यांची चिनी स्पष्टीकरणांसह असलेली इंग्रजी पाठ्यपुस्तके निघाली आणि ती पुढे देशभर चालली. २००१ सालापासून तेथे प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण आले. शाळा बदलल्या, सत्ता बदलल्या, परंतु इंग्रजी पाठाशेजारी स्वभाषेतील टीप राहिली.

आमच्याकडे मात्र आज उलट वारे वाहत आहे. मूल लवकर इंग्रजी शिकावे म्हणून त्याच्या कानांवरून घरची भाषाच दूर करण्याची प्रवृत्ती सुशिक्षित कुटुंबांत वाढली आहे. संथा राहिली आणि टीका गेली, असे हे झाले आहे. मराठीस निदान दादोबांचा आणि तर्खडकरांचा आधार आहे. कन्नडास किट्टेलचा कोश आणि विद्यापीठाचे पाठबळ आहे. कोंकणीचे काय? तिचे पहिले छापील व्याकरण थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने रचिले आणि ते १६४० साली राशोल येथे छापले गेले. मंगळूर येथे १८८२ साली माफेई या पाद्र्याने इंग्रजीतून दुसरे लिहिले. विसाव्या शतकात वामन वर्दे वालावलीकर, म्हणजे आपले शणै गोंयबाब, यांनी कोंकणीच्या नादशास्त्राचा आणि व्याकरणाचा विचार कोंकणीतूनच मांडला. १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात कोंकणीस मानाचे स्थान मिळाले. इतके होऊनही हुबळी-कलघटगीकडील आमच्या मुलास इंग्रजी शिकविताना कोणी त्याच्या कोंकणीचा हात धरीत नाही. ‘हांव येतां’ या दोन शब्दांत केवढे व्याकरण आहे, हे त्यास ठाऊकच होत नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. देवळांतून संध्याकाळी मुले जमतात, सुटीच्या दिवशी संस्कारवर्ग चालतात. तेथे आठवड्यातून एकदा इंग्रजीचा एक लहानसा परिच्छेद मुलांनी मोठ्याने वाचावा, त्याचा आशय कोंकणीत सांगावा, मग मराठीत लिहावा, आणि तिन्ही भाषांत वाक्याची रचना कोठे वेगळी झाली ते वडीलधाऱ्यांनी दाखवून द्यावे. कन्नड उत्तम जाणणारे शेजारी असतील, तर चौथी भाषाही पंगतीस बसवावी. यात इंग्रजीचे नुकसान काहीच नाही. उलट जो आपल्या वाक्याचा कर्ता आणि कर्म ओळखतो, तोच परक्या वाक्यातही ते अचूक शोधतो. या वर्गांतून काही वर्षांत जी टाचणे जमतील, तीच कोंकणी मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाच्या पहिल्या टीकेची सामग्री होईल. शांघायातील ते पुस्तकही एका माणसाने हिंदुस्थानी वाचनमालेच्या शेजारी लिहिलेल्या टिपांतूनच सिद्ध झाले होते.

नालंदेस शिकून इत्सिंगने आमचे व्याकरण आपल्या लोकांसाठी आपल्या भाषेत समजावून सांगितले. बारा शतकांनंतर त्याच्या वंशजांनी आमच्या शाळेचे इंग्रजी पुस्तक उचलले, तेव्हाही त्यांनी तोच मार्ग धरिला. ज्यांच्या घरी सूत्र, वृत्ती आणि भाष्य यांची परंपरा जन्मली, त्यांनीच तो मार्ग सोडावा हे बरे नव्हे. आपल्या मुलांसाठी ही टीका लिहिण्याचे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही. ते आपणांसच केले पाहिजे.